घरकाम कोणत्या रकान्यात? एका मोजणीचा इतिहास

१/
आपल्याकडच्या खरेदीखतांत स्त्रीच्या नावापुढे पुष्कळदा ‘धंदा : घरकाम’ असे लिहिलेले आढळते. जनगणनेत मात्र केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ ठरते. स्त्री एकच, सरकारदरबारी नोंदी दोन. ही विसंगती कोठून आली, हे या धाग्यात पाहू.

२/
१८५१ च्या ब्रिटिश जनगणनेत घर चालवणाऱ्या पत्नी व माता यांना व्यवसायांच्या वर्गवारीत स्थान होते. १८८१ मध्ये त्यांची रवानगी ‘व्यवसायहीन’ वर्गात झाली. या तीस वर्षांत चुली विझल्या नव्हत्या; बदलली होती ती व्याख्या.

३/
अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात एक कोडे मांडले. एखाद्या गृहस्थाने आपल्याकडे पगारावर घर सांभाळणाऱ्या स्त्रीशीच विवाह केला, तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, हात तेच. फक्त पगार थांबला. पिगूंना विसंगती दिसत होती, तरी पैशाची मोजपट्टी त्यांनी सोडली नाही.

४/
आता भारताकडे वळू. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी होते जवाहरलाल नेहरू. पुढच्याच वर्षी नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रियांच्या स्थानाचा विचार करण्यासाठी एक उपसमिती नेमली गेली.

५/
तिच्या अध्यक्षा होत्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. पूर्वाश्रमीच्या जोशी, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉक्टर आणि अखिल भारतीय महिला परिषदेच्या आघाडीच्या कार्यकर्त्या. सचिव होत्या मृदुला साराभाई.

६/
या उपसमितीने घरातील श्रमाला आर्थिक मूल्य आहे, असे स्पष्टपणे मानले. त्या मान्यतेतून तिने हक्क मागितले : कुटुंबाच्या उत्पन्नातील काही भागावर स्त्रीचा स्वतःचा पूर्ण ताबा, आणि पतीच्या मालमत्तेत वाटा. हे गौरवाचे शब्द नव्हते, हिशेबाची मागणी होती.

७/
अहवाल १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. परंतु स्वातंत्र्योत्तर नियोजनाच्या आरंभीच्या दशकांत स्त्रियांचा विचार झाला तो प्रामुख्याने समाजकल्याणाच्या सदरात. उत्पादकाची ‘लाभार्थी’ झाली.

८/
जागतिक पातळीवरही रेषा विचित्रच आखली गेली. राष्ट्रीय लेख्यांच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार घरासाठी पाणी वाहून आणणे हे उत्पादन आहे. त्याच पाण्यात घरच्यांसाठी डाळ शिजवणे मात्र उत्पादन नाही.

९/
मग या श्रमाची किंमत कोठे ठरली? न्यायालयात, आणि तीही मृत्यूनंतर. १९८९ मध्ये जमशेदपूर येथे एका समारंभात आग लागली. तीत मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या भरपाईचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २००१ च्या लता वाधवा खटल्याच्या निकालात त्यांच्या घरातील सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले गेले.

१०/
२०१० मध्ये अरुण कुमार अग्रवाल खटल्यात न्या. अशोक कुमार गांगुली यांनी जनगणनेच्या वर्गवारीवरच बोट ठेवले. २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासमवेत ‘काम न करणाऱ्यां’त बसवले होते. अशा स्त्रियांची संख्या सुमारे ३६ कोटी असल्याचे निकालपत्रात नमूद आहे.

११/
२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाने मिनिटांचा हिशेब मांडला. विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. शिवाय मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते; स्त्रिया एक्क्याऐंशी.

१२/
‘मायेला किंमत लावायची का?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो घेण्यापूर्वी दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. राजवाडे यांच्या उपसमितीने वाटा मागितला होता जिवंत स्त्रीसाठी. पुढे न्यायालयाने रक्कम ठरवली, ती मिळाली तिच्या वारसांना. किंमत लावण्यास समाजाची ना कधीच नव्हती. प्रश्न होता तो ती कोणाच्या हाती द्यायची, याचा.

(धागा समाप्त. आपल्या घरच्या जुन्या दस्तांत आजी-पणजीच्या नावापुढे ‘धंदा’ काय लिहिला आहे, ते पाहून अवश्य कळवा.)