बाळाजी विश्वनाथ : सेनाकर्ते आणि तहकर्ते

श्रोतेहो, महाडाहून रायगडाकडे जाणाऱ्या प्रवाशाला गडाचा माथा दिसतांच शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाचें स्मरण होतें. परंतु ह्याच गडावरून १६८९ च्या नोव्हेंबरांत संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई आपल्या सात वर्षांच्या मुलासह मोंगलांच्या कैदेंत गेल्या, ही गोष्ट सहसा कोणी आठवीत नाहीं. त्या परत आल्या १७१९ सालीं. त्यांना सोडवून आणलें तें गड जिंकून नव्हे, तर तह करून. तो तह घडवून आणणाऱ्या बाळाजी विश्वनाथांविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

संभाजी महाराजांच्या वधानंतर इतिकादखानानें रायगडास वेढा घातला. सारें राजघराणें एकाच गडावर अडकून पडूं नये, ही मसलत येसूबाईंची. त्यांच्या सल्ल्यानें राजाराम महाराज पोलादपूरच्या वरच्या अंगास असलेल्या प्रतापगडावर गेले व पुढें जिंजीस पोहोंचले; येसूबाई मात्र मागें राहिल्या. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्यें शाहू महाराज सुटले, पण मातोश्रींना मोंगलांनीं ओलीस ठेविलें.

बाळाजीपंत श्रीवर्धनच्या भट घराण्यांतले. सिद्दीच्या जाचामुळें ते घाटावर आले, धनाजी जाधवांच्या पदरीं कारकुनींत व मुलकी कामांत मुरले, आणि १७११ मध्यें शाहूंनीं त्यांना ‘सेनाकर्ते’ हें पद दिलें. सरदार ताराबाईंच्या पक्षास जाऊं लागलेले आणि खजिना रिकामा, अशा स्थितींत फौज उभारण्याचें हें काम होतें. दमाजी थोरातानें तर त्यांना पकडून दंड घेतल्यावरच सोडलें. तेव्हां बंदिवास म्हणजे काय, हें त्यांना पुस्तकावरून शिकावें लागलें नव्हतें.

१७१३ मध्यें कान्होजी आंग्र्यांनीं शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांनाच कैद केलें. तेव्हां पेशवाईचीं वस्त्रें बाळाजीपंतांस देऊन शाहूंनीं त्यांना आंग्र्यांकडे धाडलें. पंतांनीं लढाई टाळून बोलणें लाविलें. आंग्र्यांना किनाऱ्यावरील आपल्या सत्तेची निश्चिती हवी होती. शाहूंना त्यांची निष्ठा. १७१४ च्या तहानें दोघांनाही हवें तें मिळालें. आंग्रे ‘सरखेल’ राहिले, पिंगळे सुटले, आणि कोंकणचें आरमार सातारच्या गादीस मिळालें.

हीच रीत त्यांनीं पुढें मोठ्या प्रमाणावर चालविली. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेनअली ह्याचें बादशहा फर्रुखसियराशीं वितुष्ट आलें होतें. त्याला फौजेची गरज होती. शंकराजी मल्हारांच्या मध्यस्थीनें १७१८ मध्यें करार ठरला. शिवाजी महाराजांचें स्वराज्य, दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी, आणि राजकुटुंबाची सुटका हें मराठ्यांच्या पदरीं; उलट १५,००० स्वारांची चाकरी आणि सालिना १० लक्ष रुपये द्यावयाचे. बादशहानें करार नाकारला, म्हणून बाळाजीपंत फौजेसह सय्यदाबरोबर दिल्लीस गेले.

ह्या यशाची किंमत थोडी नव्हती. १७१९ च्या फेब्रुवारींत दिल्लीच्या रस्त्यांवर दंगल उसळली आणि हजाराहून अधिक मराठे मारले गेले. संताजी भोसले पडले, नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू पडले. फर्रुखसियर पदच्युत झाला आणि मार्च महिन्यांत नव्या बादशहाच्या नांवानें सनदा मिळाल्या. जुलैंत येसूबाई साताऱ्यास पोहोंचल्या. माता व पुत्र ह्यांची ही भेट बारा वर्षांनंतरची होती.

पुढें वर्षही उलटलें नाहीं तोंच, १७२० च्या एप्रिलांत, सासवड येथें बाळाजीपंतांचा अंत झाला. त्यांच्या तहानें सगळेंच साधलें असें नाहीं. येसूबाई ज्या रायगडाहून गेल्या, तो त्या परतल्या तेव्हांही परक्यांच्याच हातीं होता; सिद्दीकडून तो १७३३ मध्यें, आणि तोही मोहीम करूनच, परत घ्यावा लागला. म्हणून तलवार निरुपयोगी होती, असें कोणी म्हणूं नये. परंतु गड पुन्हां घेतां येतो. गेलेलें आयुष्य परत घेतां येत नाहीं. येसूबाईंचें उरलेलें आयुष्य जर गड सर होण्याची वाट पाहत राहिलें असतें, तर आणखी चौदा वर्षें कैदेंत सरलीं असतीं. समोरच्याची निकड ओळखून वेळेवर बोलणें लावणारा मुत्सद्दी म्हणूनच सेनापतीइतकाच स्मरणीय ठरतो. रायगड चढतांना, श्रोतेहो, राज्याभिषेकाबरोबर ह्या तहकर्त्याचीही आठवण व्हावी, एवढीच विनंती.