सिंहलद्वीपाची वाट

परदेशी व्यापारास निघालेल्या गृहस्थास चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कोणत्या ऋतूत निघावे, कोठे उतरावे, कोणता माल न्यावा आणि तेथील राजसत्तेची मर्जी कशी आहे. सिंहलद्वीपापुरता या प्रश्नांचा विचार करू लागले असता आपल्या इतिहासातील एक मोठी उणीव ध्यानात येते. तिजकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा हेतू आहे.

मंचराहून उत्तरेस जुन्नर आणि तेथून पश्चिमेस नाणेघाट. सातवाहनकाळी देशावरचा माल या घाटाने उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांस जात असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. सिंहलाशी या किनाऱ्याचा संबंध तर दंतकथेइतका जुना. 'महावंसा'प्रमाणे राजपुत्र विजय लंकेस पोहोचण्यापूर्वी सोपाऱ्यास उतरला होता.

परंतु या प्रवासाची माहिती लिहून ठेवली कोणी? परक्यांनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याचे 'पेरिप्लस' हे पुस्तक म्हणजे व्यापाऱ्यांची वाटाडीच होय. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे. भडोचेपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे. कल्याणास पूर्वी खुला व्यापार होता, परंतु आता तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचेस नेतात. अशी कामाची माहिती तो देतो. सिंहलाच्या मोत्यांची व रत्नांचीही त्यास खबर आहे. मात्र ते बेट जवळजवळ आफ्रिकेपर्यंत पसरले आहे, असे तो बेधडक लिहितो! माल त्याच्या कानावर आला होता, बेट त्याने डोळ्यांनी पाहिले नसावे.

सहाव्या शतकातील कॉस्मस सिंहलास सर्व समुद्रांची मधली पेठ मानतो. पूर्वेचे रेशीम, लवंग व चंदन तेथे येऊन पुढे कल्याणासही जाई, आणि कल्याणचा पुरवठा तांबे, लाकूड व कापड यांचा असे. त्याने सांगितलेली एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. सिंहलाच्या राजाने एका रोमन व एका इराणी व्यापाऱ्यास, तुमच्यापैकी कोणाचा राजा थोर, असे विचारले. रोमन व्यापाऱ्याने दोन्ही राजांची नाणी पुढे ठेवावयास सांगितले. एक सोन्याचे निघाले, दुसरे चांदीचे. आणि निकाल लागला. कथेत पदरची भर असेलही, तथापि परमुलखात व्यापाऱ्याची पत कशावर ठरते हे तीवरून कळते.

आता आपल्या व्यापाऱ्यांकडे वळू. जुन्नरच्या लेण्यांत कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र आहे, दाने देणारे यवन आहेत, धान्यविक्यांची श्रेणी आहे, बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी आहेत. कोणी लेणे दिले, कोणी टाके, कोणी शेत. पण समुद्रापलीकडे कोणी गेले काय, वारे कसे होते, शुल्क किती पडले, याविषयी एक अक्षर नाही. शिळा ही पुण्य नोंदण्याची जागा, हिशेबाची नव्हे, हे खरे. हिशेब ताडपत्रांवर असतील व ती नष्ट झाली असतील, असेही कोणी म्हणेल. परंतु जे ग्रंथ टिकले ते पुनःपुन्हा उतरून घेतल्यामुळेच टिकले. व्यापाऱ्याचे ज्ञान उतरून घेण्याच्या योग्यतेचे कोणास वाटले नाही, अथवा धंद्याचे गुपित म्हणून ते बापाकडून मुलाकडे तोंडीच गेले, असा आमचा तर्क आहे. श्रेणी मोडल्या, आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही बुडाले.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. महाराष्ट्राच्या कांद्याचे श्रीलंका हे जुने गिऱ्हाईक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली; एप्रिल २०२४ मध्ये श्रीलंकेपुरती दहा हजार टनांची सवलत मिळाली; मे महिन्यात बंदी उठली, पण निर्यातशुल्कासह. या पाच महिन्यांत आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याने कांदा चाळीत ठेवावा की विकावा, हे समुद्रापलीकडच्या बातमीवर अवलंबून होते, आणि ती बातमी त्यास बहुधा आडत्याच्या तोंडूनच कळावयाची. कोलंबोशी व्यवहार केलेल्या आपल्या व्यापाऱ्यांनी ऋतू, भाव, शुल्क आणि तेथील रीतिभाती यांविषयीचे अनुभव मराठीत लिहून काढावेत. ते साधे असले तरी चालतील. पेरिप्लसकारही काही पंडित नव्हता.