बंदुकीची शिस्त व सरकारचा विश्वास

पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यांतील महाड आणि पोलादपूर हा मुलूख शिपाईगिरीबद्दल प्रसिद्ध आहे. रायगड महाडच्या हद्दींत, तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ पोलादपुराकडे, आणि महाडकडील एका आंबवड्यास तर लोक फौजी आंबवडें म्हणूनच ओळखतात. येथील पुरुषांच्या पराक्रमाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांच्या हातांतील बंदुकीकडे, आणि त्यांतहि नेम धरण्याच्या दोन लहानशा लोखंडी तुकड्यांकडे, अभ्यासकांचें लक्ष क्वचितच गेलें. नळीच्या तोंडाशीं असते ती माशी, व डोळ्याच्या बाजूस नळीवर असते ती खाच. या खाचेंत कोणीं, केव्हां व कां फेरबदल केले हें पाहिलें असतां १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांचें मन जितकें उघड होतें, तितकें त्यांच्या जाहीरनाम्यांतून होत नाहीं असें आमचें मत आहे.

प्रथम शब्दाविषयीं. आज 'शिस्त' म्हटली म्हणजे कवाईत किंवा शाळा आठवते. परंतु फारसी 'शस्त' यापासून आलेल्या या शब्दाचा मराठींतील एक जुना अर्थ नेम असाच आहे. शिस्त धरणें म्हणजे डोळा, खाच, माशी व लक्ष्य हीं एका रेषेंत आणणें. आमच्याकडील तोड्याच्या बंदुकीस मागें रुंद खाचेचा एक ठोकळा व पुढें माशी एवढेंच असे. दोन्ही पक्कीं बसविलेलीं. अंतर वाढलें तर नळी किती उचलावी हें बरकंदाजानें अनुभवानें ठरवावयाचें. सावित्रीच्या खोऱ्यांत व आंबेनळीसारख्या घाटांत, जेथें झाडीमुळें शत्रु जवळ येईपर्यंत दिसतच नसे, तेथें एवढी शिस्त पुरेशी होती.

दूरच्या नेमाची सोय एन्फील्ड रायफलीनें झाली. १८५३ च्या या नमुन्याच्या नळीस आंतून पिळाचे आटे असत व तिचा व्यास ०.५७७ इंच होता. खाचेच्या जागीं शिडीसारखी उभी करतां येणारी पट्टी होती. ती आडवी असतां तिच्या पायऱ्यांवर १०० पासून ४०० यार्डांपर्यंतचीं अंतरें साधत, व उभी केल्यावर ९०० यार्ड आणि त्यापुढचा आंकडा लावतां येई. म्हणजे साध्या शिपायासहि अर्ध्या मैलावरील माणसावर हिशेबानें गोळी टाकण्याचें साधन मिळालें. याच रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला हें सर्वश्रुत आहे.

भडका विझल्यावर काय झालें तें मात्र तितकें सर्वश्रुत नाहीं. १८५८ सालीं हिंदी पलटणींकरितां एक निराळा नमुना ठरला. बाहेरून तो एन्फील्डसारखाच. परंतु आंतले आटे कोरून काढून नळी गुळगुळीत केली व व्यास ०.६५६ इंच केला. सरकती शिडी जाऊन तिच्या जागीं एक पक्की खाच आली. नळी पातळ झाल्यामुळें ती फुगे, व संगीन चढविली असतां वांके; म्हणून पुढच्याच वर्षीं जाड नळीचा नमुना काढावा लागला. त्याच १८५८ च्या १ नोव्हेंबरचा राणीचा जाहीरनामा प्रजाजनांस समतेचें आश्वासन देतो. दोन्ही कागद एकाच वर्षाचे आहेत, हें इतिहास लिहिणारानें विसरूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, गुळगुळीत नळीचा नेम शंभर यार्डांपलीकडे विश्वासाचा नसतोच, तेव्हां शिडी काढली ती केवळ काटकसर. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. तयार हत्याराचे आटे मुद्दाम घालवावयाचे, त्यानें नळी बिघडली तर नवी जाड नळी करावयाची, पण आटे परत द्यावयाचे नाहींत, ही काटकसर नव्हे. हें धोरण होय. पील कमिशननें १८५९ सालीं मुंबई व मद्रास इलाख्यांत एका गोऱ्यामागें तीन, आणि बंगाल्यांत दोन हिंदी शिपाई असें प्रमाण सुचविलें व तोफखाना गोऱ्यांच्या हातीं ठेवावयास सांगितलें. पक्की खाच हें त्याच हिशेबाचें लोखंडी रूप होय.

परिणाम रणांगणावर दिसले. मुंबई सैन्याचे सेनापति नेपियर यांनीं १८६८ सालीं हबसाणावर स्वारी नेली, तेव्हां आरोगीच्या लढाईंत गोऱ्यांच्या चौथ्या पलटणीजवळ मागून भरण्याच्या स्नायडर होत्या. शेजारच्या पंजाबी पायोनियरांजवळ मात्र गुळगुळीत नळीच्याच. पुढें स्नायडर हिंदी शिपायांस मिळाली व तिच्याबरोबर शिडीहि परत आली. पण तोंवर गोऱ्यांकडे खालच्या दांड्यानें उघडणारी मार्टिनी-हेन्री आली होती. २७ जुलै १८८० रोजीं मैवंद येथें मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणीनें स्नायडरनें झुंज दिली, व बाजूची ६६ वी गोरी पलटण मार्टिनीनें लढली. एक पिढी मागें ठेवण्याचा हा नियम पुढेंहि टिकला.

कांहींच्या बाबतींत तर खाच बदलण्याचीहि गरज उरली नाहीं. दरवाजाच बंद झाला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ सालीं फौजेंतून निवृत्त झाले. नंतर थोड्याच वर्षांत महारांची भरती थांबविली गेली, व तिच्याविरुद्ध दाद मागण्याचें काम या जुन्या शिपायानें अंगावर घेतलें. १९१७ सालीं युद्धाच्या निकडींत १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ सालीं मोडली. आणि महार रेजिमेंट उभी राहावयास १ ऑक्टोबर १९४१ हा दिवस उजाडावा लागला. नेम उत्तम असूनहि नेम धरण्याचा हक्क नाहीं, ही स्थिति पक्क्या खाचेहून किती कठोर, हें निराळें सांगावयास नको.

१९१४ च्या महायुद्धानें हिशेब बदलणें भाग पडलें. हिंदी सैन्य मार्सेय बंदरांत उतरलें तेव्हां त्याच्या रायफलींच्या शिस्ती जुन्या, बोथट व मंदगति गोळीच्या मापाच्या होत्या; फ्रान्सांत पुरवठा नव्या टोंकदार गोळीचा. ही गोळी अधिक वेगानें व सपाट मार्गानें जाई, म्हणून जुनीच खाच ठेवली तर दूरच्या अंतरावर ती लक्ष्याच्या वरून जावयाची. तेव्हां रायफली व दारूगोळा दोन्ही तेथेंच बदलून द्यावीं लागलीं. पलटणीच्या हत्यारदुरुस्ती करणाराचें कामहि येथें समजून घेण्यासारखें आहे. गोळी खालीं लागत असेल तर तो कमी उंचीची माशी बसवी. डावीकडे जात असेल तर माशीच डावीकडे सरकवी, कारण माशी चुकीच्याच दिशेनें न्यावी लागते. नवख्यास हें उलटें वाटतें.

पोलिसांस मात्र जुनाच न्याय लागला. इशापूरच्या कारखान्यानें ०.३०३ च्या रायफली ०.४१० इंचांच्या गुळगुळीत नळीच्या करून दिल्या, व एका वेळीं एकच काडतूस बसावें म्हणून पेटी लांकडानें बुजविली. स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्यानें १९६३ सालीं ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली. तिच्या शिस्तीवर २००० मीटरपर्यंत आंकडे होते. १९६५ च्या सुधारलेल्या नमुन्यांत ते ८०० वर आणले. आंकडा येथेंहि कमीच झाला. पण या वेळीं नळीचे आटे जागेवर होते, आणि कमी करणारे आपलेच होते.