नदीकाठची शिशाची गोळी कोणत्या काळातली?

केळणा नदीच्या काठी शिशाची गोळी हाती आली, तर ती असईच्या लढाईची (२३ सप्टेंबर १८०३) म्हणण्याचा मोह होतो. आधी आकार पाहावा. त्या काळी बहुतेक बंदुकांची नळी आतून गुळगुळीत, गोळी वाटोळी. कंपनीच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटर व्यासाची, गोळी मात्र साडेसतराच्या आसपास. नळीत दारूची काजळी साचली तरी ती ठासता यावी म्हणून. टोकदार आणि तळाशी पोकळ गोळी मिनीए पद्धतीची. ती प्रचारात आली १८४९ नंतर. असईशी तिचा संबंध जोडणे व्यर्थ.

पांढरट थरावरून वय ठरत नाही; तो घासला तर साच्याची शिवण तेवढी पुसली जाते. चेपलेली गोळी झाडलेली, अखंड गोळी बहुधा सैनिकाच्या हातून गळालेली. या भेदावरून सैन्य कुठे उभे होते ते कळू शकते, पण गोळी उचलण्यापूर्वी तिच्या नेमक्या जागेची नोंद झाली असेल तरच.