कलम: तुटलेल्या फांदीला मुळं फुटतात, त्याची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. मी पेणचा. पेशानं सॉफ्टवेअर इंजिनीअर, आणि आजचा विषय आहे कलम. 'पेण'वाला 'कलमा'वर बोलतोय, हा विनोद मीच करून टाकतो, म्हणजे तुम्हाला करायला नको.

आधी शब्द बघू. मराठीत कलम म्हणजे लेखणी, कायद्याचं कलम आणि झाडाचंही कलम. शब्द अरबी-फारसीतून आलाय. तिथे कलम म्हणजे बोरू, छाट देऊन टोक काढलेला. फारसीत लावायला छाटलेल्या फांदीलाही 'कलमे' म्हणतात. तिरका छाट दिलेला बोरू आणि तिरका छाट दिलेली गुलाबाची काडी शेजारी ठेवा, नातं लगेच कळतं.

शब्द बाहेरून आला, पण विद्या आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर अख्खा अध्याय लिहिला. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष अशी झाडं सांगून तो म्हणतो, यांची फांदी शेणानं माखून लावा. एका झाडावर दुसरं बसवायची रीतही तिथेच दिलीय. म्हणजे आजी काडीच्या टोकाला शेण लावते, तो नुस्खा दीड हजार वर्षं जुना आहे!

पण मुळं का फुटतात? हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. इथे आपल्या रोह्याचा एक माणूस आठवतो. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांचं बालपण रोह्यात गेलं, आणि केंब्रिजला ते शिकले निसर्गविज्ञान: वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळवलं. गंमत बघा, वनस्पतिशास्त्रातल्या त्या हुशार विद्यार्थ्यालाही आपल्या आजीच्या काडीमागचं कारण पुस्तकात सापडलं नसतं. झाडात मुळं घडवणारं काहीतरी द्रव्य असावं, असं जर्मनीच्या युलियस झाक्सनं १८८०च्या दशकात सुचवलं होतं, पण ते द्रव्य कुणाच्या हाती लागलं नव्हतं.

१९२८ मध्ये फ्रिट्स वेंट या डच तरुणानं ओटच्या कोंबाच्या शेंड्यातलं वाढीचं द्रव्य अगरच्या तुकड्यात उतरवून दाखवलं. तेच ऑक्सिन. १९३५ पर्यंत ऑक्सिन लावून छाटांना मुळं फोडता येतात हे सिद्ध झालं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत इंडोल ब्युटिरिक आम्लाचा गुण कळला. आज नर्सरीत मिळणाऱ्या रूटिंग पावडरमध्ये बहुतेक वेळा तेच असतं.

आता आतलं काम. ऑक्सिन शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि खाली वाहतं. तुम्ही फांदी तोडली की वाट बंद! ते छाटाजवळ साचतं, आणि तिथल्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून मूळ व्हायला लागतात. अट एकच. मुळं येईपर्यंत पानांनी फांदी सुकवता कामा नये.

म्हणून आमच्या रायगडात जून-जुलैचा मुहूर्त. हवा इतकी दमट की पानातलं पाणी उडत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी काडी घ्या, डोळ्याच्या लगेच खाली धारदार छाट द्या, खालची पानं काढा, वर दोन ठेवा. रेती आणि कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. माती ओली हवी, चिखल नको, नाहीतर काडी कुजते. आणि रोज उपटून बघू नका! कोवळी मुळं तिथेच तुटतात. जास्वंद, मोगरा, बोगनवेल यांच्यापासून सुरुवात करा. आमच्याकडे कुंपणाला गिरिपुष्पाचे खुंट ठोकतात, त्यांनाही पावसात पालवी येते. ते झाड मूळचं मध्य अमेरिकेचं, पण आता अगदी गावातलं झालंय. हापूस मात्र नुसत्या काडीनं जमत नाही. आंब्याची फांदी मुळं धरायला फार कुरकुरते, म्हणून तिथे कोय रुजवून तिच्यावर कलम बांधतात.

आता मला खरं सांगायचंय ते. फांदीनं लावलेलं झाड म्हणजे जुन्याच झाडाचा पुढचा तुकडा, हुबेहूब. बी पेरलं तर आईबापांची सरमिसळ होते, तसाच गुलाब परत मिळेल याची खात्री नाही. म्हणजे एखादी जात फक्त फांदीवर चालत आली असेल, तर ती टिकते ती कुणीतरी मागितली आणि कुणीतरी दिली म्हणूनच. आमच्या भाषेत बोलायचं तर बॅकअप दुसऱ्याच्या अंगणात असतो.

पेण-रोह्यात आज जुनी घरं पडून इमारती उभ्या राहतायत. घराचे फोटो सगळे काढतात, पण परसातला गावठी गुलाब जेसीबीच्या पहिल्याच फेरीत जातो. त्याचं नावही कुठे लिहिलेलं नसतं. त्याला वाचवायला वीतभर काडी आणि एक धारदार सुरी पुरते.

तेव्हा या पावसाळ्यात गावी गेलात, की काकूंच्या परसातली एक काडी मागून घ्या. रुजली की दोन काड्या दुसऱ्यांना द्या. काय लावलंत ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!