अनामत भरली, स्कूटर रांगेत

१/ १२ जानेवारी २०२१ रोजी भारतात प्लेस्टेशन ५ ची आगाऊ नोंदणी खुली झाली आणि काही मिनिटांतच साठा संपला. ४९,९९० रुपये हाताशी असूनही अनेकांच्या पदरी निराशा आली. ‘पैसे घ्या, पण वस्तू द्या’ ही तक्रार मात्र नवी नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने ती वर्षानुवर्षे केली. त्यांची वस्तू होती स्कूटर.

२/ १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कारखान्याची उत्पादनक्षमता परवान्यात ठरत असे. आकुर्डीच्या बजाज ऑटोकडे ग्राहकांची रीघ होती. क्षमता वाढवण्यास मात्र दिल्लीची संमती आवश्यक होती. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने मोठ्या उद्योगसमूहांचा मार्ग आणखी अरुंद केला.

३/ या टंचाईच्या वाटपासाठी १९६० मध्ये स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण आदेश निघाला. विक्रेत्याकडे अनामत भरून नाव नोंदवायचे आणि आपल्या क्रमांकाची वाट पाहायची. खोट्या नोंदण्यांना आळा बसावा, हा अनामतीमागील हेतू. शासकीय कोटा या रांगेच्या बाहेर होता.

४/ १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. तिच्यासाठीची प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंतही लांबे. अनामत भरल्याने किंमत गोठत नसे. सामान्यतः ताबा मिळेल त्या दिवशीचा भाव द्यावा लागे. ग्राहकाचा पैसा आज अडके, पण त्याला ना निश्चित तारीख मिळे, ना निश्चित किंमत.

५/ वस्तू दुर्मीळ झाली की रांगेतील क्रमांकालाच मोल येते. नवी स्कूटर मूळ किमतीहून अधिक दराने हातोहात विकली जाई. परकीय चलनात किंमत भरणाऱ्यास रांग टाळता येई. म्हणजे पगारदार शिक्षक थांबे आणि ज्याचा भाऊ आखातात असे, तो पुढे जाई.

६/ अनामतीची एकत्रित ताकद १९८३ मध्ये दिसली. मारुती मोटारीसाठी प्रत्येकी १०,००० रुपये भरून दोन महिन्यांत सुमारे १,३५,००० जणांनी नोंदणी केली. हिशेब करा: १३५ कोटी रुपये! पहिली मोटार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्राहकाला मिळाली. तोवर ग्राहकच कंपनीचे धनको झाले होते.

७/ जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. १९८५ मध्ये औरंगाबादलगत वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला. जालन्याहून तो दोन तासांच्या अंतरावर. स्कूटरची रांग ओसरली ती अनामतीच्या नियमांमुळे नव्हे, तर अशा नव्या कारखान्यांमुळे, सैल झालेल्या परवान्यांमुळे आणि वाढत्या स्पर्धेमुळे. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास मान्यता मिळाली आणि तक्रारीस स्वतंत्र दार उघडले.

८/ म्हणून आजही आगाऊ रक्कम भरताना तीन गोष्टी विचाराव्यात: भाव कोणत्या दिवसाचा? ताबा कधी? विलंब झाल्यास पैसे किती दिवसांत परत? आजोबांच्या पावतीवर ही उत्तरे क्वचितच असत. घरातील जुन्या कागदांत अशी पावती सापडली, तर ती रद्दीत टाकू नका. नोंदणीची आणि ताब्याची तारीख यांतील अंतर मोजा. आपल्या जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचे ते अस्सल साधन आहे.