गर्दीतले प्रथिन

हैदराबादच्या काचीगुडा रेल्वे स्थानकाची घुमटांची इमारत १९१६ साली, निजामाच्या राजवटीत उभी राहिली. मनमाड, औरंगाबाद, परभणीकडून मीटरगेजच्या गाडीने येणारा मराठी प्रवासी पुढे अनेक वर्षे याच फलाटावर उतरत असे. सणासुदीला अशा फलाटावर काय होते, ते कोणास सांगावयास नको. हातपाय पसरण्यास जागा नसते. माणूस वळकटी पोटाशी धरून अंग चोरून बसतो. बरोबर आलेली माणसे एकमेकांना बिलगून राहतात. एरवी दोन मिनिटांच्या अंतरावरील पाण्याचा नळ गाठण्यास पाव तास लागतो. सजीव पेशीच्या अंतरंगात प्रथिनांची स्थिती पुष्कळशी अशीच असते. ही गोष्ट विज्ञानाने मनावर घेण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट रीतीने दुमडली तरच कामाची. अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी १२४ अमिनो आम्लांच्या रिबोन्यूक्लिएज या प्रथिनाची घडी रसायनांनी मोडली; रसायने काढून घेताच साखळी आपण होऊन पूर्ववत दुमडली. या कार्याबद्दल त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग मोठाच होता. पण तो विरल द्रावणात, म्हणजे रिकाम्या फलाटावर झालेला होता. परीक्षानळीत लिटरमागे एखाद-दुसरा ग्रॅम प्रथिन घेण्याचा प्रघात. त्याउलट, १९९१ साली झिमरमन आणि ट्राक यांनी ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीद्रवात प्रथिने व तत्सम महारेणू लिटरमागे ३०० ते ४०० ग्रॅम असल्याचे मांडले.

एवढ्या दाटीचा परिणाम काय, याची चाहूल त्याआधीच लागली होती. स्वीडनच्या लॉरेंट यांनी १९६३ मध्ये दाखवले की, द्रावणात डेक्स्ट्रान नावाची शर्करेची लांब साखळी घातली की प्रथिनाची विद्राव्यता घटते. अॅलन मिंटन यांनी १९८१ च्या सुमारास त्याचे गणित मांडले. एका रेणूने अडवलेली जागा दुसऱ्यास मिळत नाही; म्हणून सैल, पसरलेल्या साखळीपेक्षा घट्ट दुमडलेली साखळी सोयीची ठरते. दाटीने घडी टिकते, ती अशी. परंतु त्याच न्यायाने रेणू एकमेकांस चिकटण्याकडेही कल वाढतो. कार्य साधणारी जोडी जुळते, तशीच निरुपयोगी गुठळीही होते. शिवाय गर्दीतील शेजारी निव्वळ जागा अडवणारे नसतात, त्यांची आपसांत ओढाताणही चालते. त्यामुळे काही प्रथिनांची घडी पेशीत उलट सैलावते, असेही पुढील प्रयोगांत आढळले. एकच नियम सर्वांस लावण्याचा मोह येथे आवरलेला बरा.

दाटीची सर्वांत कठीण परीक्षा मानवी डोळ्याच्या भिंगात होते. त्याच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा प्रथिनांचा असतो, आणि त्यांतील बहुतेक क्रिस्टलिन कुळातली. भिंगाच्या गाभ्यातील पेशी जन्मापूर्वी घडतात. त्यांतील केंद्रक नाहीसे होते आणि प्रथिनांची भरपाई थांबते. सत्तर वर्षांच्या वृद्धाच्या डोळ्यातील ही प्रथिने त्याच्याही वयाहून थोडी मोठीच. इतक्या दाट मिश्रणातून प्रकाश आरपार कसा जातो? देले आणि तार्द्यू यांनी १९८३ मध्ये उत्तर दिले: दाटीमुळेच शेजारच्या रेणूंत एक जवळची शिस्त निर्माण होते आणि प्रकाश विखुरत नाही. गुठळ्या झाल्या की मात्र ही शिस्त मोडते आणि मोतीबिंदू होतो.

येथे हैदराबादचा संबंध येतो. काचीगुड्याच्या ईशान्येस हबसीगुड्याला, पुष्पमित्र भार्गव यांच्या पुढाकाराने १९७७ साली स्थापन झालेली पेशी व रेण्वीय जीवशास्त्राची संस्था, सीसीएमबी, आहे. आल्फा क्रिस्टलिन हे भिंगातील प्रथिन इतर प्रथिनांची गुठळी होऊ देत नाही, हे जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत दाखवले होते. सीसीएमबीतील बी. रामन आणि सी. मोहन राव यांनी १९९४ मध्ये त्यापुढचा प्रश्न घेतला: हा रखवालदार केव्हा जागा होतो? तापमान ३० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्याच्या रचनेत बदल होतो आणि त्याची ही शक्ती कित्येक पटींनी वाढते, असे त्यांना आढळले.

हा रखवालदार सैलावलेले प्रथिन धरून ठेवतो; ते पुन्हा दुमडून देणे सहसा त्याच्या आवाक्याबाहेरचे. धरलेल्यांची संख्या वाढत गेली की मोकळे रखवालदार कमी होतात, आणि भिंगाच्या गाभ्यात नवे तर येत नाहीत. मध्यम वयानंतर गाभ्यात विद्राव्य आल्फा क्रिस्टलिन फारच थोडे उरते. त्यापुढे काम शस्त्रवैद्याचे. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले, ते अॅक्रिलिक प्लास्टिकचे होते.